नळीची वाट आणि पन्नाशीची अट

सकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

माझ्या मैत्रिणीला यंदाच्या थंडीत नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचाय. तिने एका ट्रेक ग्रुपला फोन केला. पलीकडच्या मुलाने पहिलं विचारलं ते वय. साठ म्हटल्यावर लगेच, "काकू, नळीला आम्ही पन्नाशीच्या वरचे घेत नाही. तुम्ही पाचनईने या ना, सोपं पडेल." आधी काय चढलात, रोज चालता का, दोरावर कधी चढलात का, यातलं एक अक्षर नाही. आणि ही बया मला फोन करून म्हणते, "जाऊ दे गं, बरोबरच असेल त्याचं."

त्या मुलापेक्षा मला या 'जाऊ दे'चा राग आलाय.

ऐंशीच्या दशकात हीच बाई माझ्याबरोबर कल्याणहून एसटीने मोरोशीला उतरून अंधारात गडाच्या पायथ्याच्या बेलपाड्यापर्यंत चालत गेली होती. पायात हंटर शूज, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि आख्ख्या ग्रुपमध्ये मिळून एक दोर. नळीत ती सतत माझ्या पुढे होती.

ज्यांनी नळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बेलपाड्यातून समोर बघितलं की कोकणकडा अंगावर येतो. त्याच्या बाजूच्या घळीतून ही वाट चढते. आधी ओढ्यातले गोटे, मग माणसाच्या उंचीचे धोंडे, मग पाऊल टाकलं की खाली सरकणारा घसारा, आणि मधेमधे सरळ कातळटप्पे. गड १४२४ मीटरचा, बेलपाडा पार तळात. उजाडता निघालं तरी माथ्यावर पोचेपर्यंत दिवस जातो. पाणी पाठीवर न्यायचं. पावसाळ्यात त्या घळीचं नावही काढू नये.

गेल्या जानेवारीत मी तिथे परत गेले. घरच्यांचा विरोध पत्करून, बेलपाड्यातल्या एका मामांना सोबत घेऊन. वरच्या एका कातळटप्प्यावर मी अडकले. कमरेला हार्नेस, वर दोर धरलेला, पडायची भीती अशी नव्हती. पण वरची खाच हाताला लागत नव्हती. बोटं दगडावरून नुसती फिरत होती, पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या, आणि खाली पोरांचा एक ग्रुप वाट बघत उभा. मामा वरून म्हणाले, "बाई, हात नको शोधू. आधी पाय बघ." खाली बघितलं तर गुडघ्याच्या उंचीवर चार बोटं रुंदीची पायरी होती. पाय ठेवला, त्यावर उभी राहिले, आणि खाच आपोआप हाताशी आली.

ते मामा माझ्याहून मोठे आहेत. हे सगळे ग्रुप गावातले असेच मामा वाटाड्या म्हणून घेतात ना? दोर खांद्यावर टाकून साठीचा माणूस पुढे चालतो तेव्हा त्याचं वय कुणाला दिसत नाही. पैसे भरून येणारी साठीची बाई आली की मात्र दिसतं! हे कसलं धोरण?

जबाबदारी त्यांची असते, मान्य. कुणी अडकलं तर गावातली पोरं आणि रेस्क्यूची मंडळीच रात्री-बेरात्री उतरतात, तेही मान्य. पण अडकणारे सगळे पन्नाशीच्या पुढचेच असतात का? मी त्या दिवशी पंचविशीतली पोरं बघितली, गुळगुळीत तळव्याचे बूट आणि हातात पाण्याची एक बाटली घेऊन आलेली. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. जन्मतारीख बरोबर होती ना!

बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर गेल्या, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण २०२२ मध्ये त्यांनीच पन्नाशीपुढच्या बायकांची तुकडी घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालयातून मोहीम काढली, हे किती जणांना माहीत आहे? त्या वेळी त्या स्वतः सदुसष्ट-अडुसष्टच्या होत्या. त्यांनाही कुणी पाचनईचा रस्ता दाखवला असता.

पाचनईची वाट वाईट नाही. तिथूनही माझ्या कितीतरी फेऱ्या झाल्यात, केदारेश्वराच्या गार पाण्यात उभं राहायला मला आजही आवडतं. पण जिला नळी हवी आहे तिला 'वर पोचल्याशी मतलब' सांगू नये. तिला वर पोचायचं नाहीये, तिला तिथून चढायचंय.

आणि खरं सांगू? या वेळची नळी मला जास्त मिळाली. विशीत मी पुढच्याच्या टाचा बघत, हाताच्या जोरावर स्वतःला ओढत चढले होते. आता मामा म्हणाले तसं प्रत्येक पाऊल बघून टाकलं. दर अर्ध्या तासाला बसले. सुकलेली कारवी बघितली, कड्याच्या पोटाशी गिरक्या घेणारी पाकोळ्यांची झुंड बघितली. गुडघे आता तेव्हाचे नाहीत, म्हणून उतरताना मी तोलार खिंडीकडून सावकाश आले, हातात काठी घेऊन. त्यात लाजायचं काय? माथ्यावर पोचायला अंधार पडला. कड्यावर तंबूंची रांग आणि कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी चालू होती. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज नको.

तर, बाई, तू हे वाचते आहेस हे मला माहीत आहे. त्या मुलाचा नंबर डिलीट कर. सोमवारपासून सकाळी सहाला माझ्या बिल्डिंगखाली ये. सात मजले चढायचे-उतरायचे, आधी मोकळ्या पाठीने, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. रविवारी मलंगगडाच्या पायऱ्या. एक दिवस चढाईच्या भिंतीवर दोराचा सराव, तो मी ठरवते. मामांशी दुपारीच बोलले, डिसेंबरात पौर्णिमेच्या आसपास या म्हणाले.

आणखी कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा. वय लिहू नका. सध्या आठवड्याला किती चालता, ते लिहा.