‘एका ओळीचं काम वीस ओळींत कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बॅकअप स्क्रिप्टच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: एका ओळीत होणारं काम मी वीस ओळींचं केलं. लक्ष्मी रोडवरची दोन-चार दुकानं आणि एखाद्या क्लासची साइट सांभाळणाऱ्या माणसाला एवढा पसारा नको असतो. कोड उचलला, चिकटवला, संपलं, प्रवचन कशाला? सोबत तुमची ओळही दिलीत. मायएसक्यूएल डेटाबेसची प्रत काढणारं मायएसक्यूएलडम्प चालवायचं, त्यातून निघेल ते पाइपने, म्हणजे थेट पुढच्या आज्ञेच्या हाती, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचं, तारखेच्या नावाने फाइल बनवायची आणि ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये रात्री अडीचला लावून टाकायचं.

ही ओळ टर्मिनलवर हाताने चालवली तर उत्तम चालते. माझं म्हणणं ती क्रॉनमध्ये गेल्यावर काय होतं त्याबद्दल आहे.

तारखेसाठी तुम्ही टक्क्याचं चिन्ह वापरलंय. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, पहिल्या टक्क्यापाशी आज्ञा संपते आणि पुढचं सगळं तिला इनपुट म्हणून दिलं जातं. आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या हाती तारखेभोवतीचा, उघडा राहिलेला कंस येतो आणि तो सिंटॅक्स एरर देऊन थांबतो. टक्क्याआधी बॅकस्लॅश दिला की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी आधी कुणीतरी बॅकअपच्या फोल्डरमध्ये डोकावायला हवं. क्रॉन ती एरर मेल करू पाहतो. मात्र छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) मेल पाठवायची सोय बहुधा केलेलीच नसते.

समजा बॅकस्लॅश दिला. आता पुढचं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पाइपने जोडलेल्या आज्ञांचा निकाल शेल शेवटच्या आज्ञेवरून ठरवतो. उद्या डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मायएसक्यूएलडम्पला आत जाताच आलं नाही, तरी जीझिपचं काही अडत नाही. त्याला शून्य बाइट मिळाले, ते त्याने रीतसर दाबले आणि काम यशस्वी झाल्याचं कळवलं. रोज नव्या तारखेची फाइल बनत राहते. तिचा आकार 20 बाइट, कारण पाइपमधून काहीच आलं नाही तर जीझिपची फाइल तेवढीच होते. फोल्डर उघडणाऱ्याला फाइलींची छान रांग दिसते. त्यात सात दिवसांपेक्षा जुन्या फाइल उडवणारी आणखी एक ओळ आपण सगळेच क्रॉनमध्ये घालतो. म्हणजे आठवड्याभरात शेवटचा चांगला बॅकअपही जातो, आणि तो आपल्याच स्क्रिप्टने पुसलेला असतो.

तुम्हाला फापट वाटलेल्या ओळी यासाठी आहेत. ‘पाइपफेल’ लावलं की मधली आज्ञा फसली तरी पूर्ण पाइपलाइन फसलेली धरली जाते. क्रॉन साध्या ‘एसएच’ शेलमध्ये चालतो आणि तिथे हा पर्याय असेलच असं नाही, म्हणून तो असलेल्या ‘बॅश’ शेलची वेगळी स्क्रिप्ट. डम्प, म्हणजे काढलेली प्रत, आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा, त्याच्या शेवटी मायएसक्यूएलडम्प स्वतः घालतो ती ‘डम्प कम्प्लीटेड’ची ओळ आहे का बघायचं, आणि मगच खरं नाव द्यायचं. जुन्या फाइल पुसायच्या त्या या सगळ्यानंतर.

हे फक्त एकट्यादुकट्याच्या बाबतीत घडतं असं नाही. 31 जानेवारी 2017 ला, कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीचा आणि त्याचा बॅकअप घेणारं पीजीडम्प जुन्या 9.2 चं, त्यामुळे ते दर वेळी एरर देऊन बंद पडत होतं. त्याच्या सूचनेचे मेलही समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. हे त्यांनी स्वतः सविस्तर लिहून जाहीर केलंय, जरूर वाचा.

रात्री अडीचबद्दलही सांगतो. बहुतेक क्लाउड सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. तिथले अडीच म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ. मायएसक्यूएलडम्प मूळ (डीफॉल्ट) सेटिंगमध्ये टेबलं लॉक करतं, तेव्हा डम्प संपेपर्यंत आलेली ऑर्डर ताटकळते. इनोडीबी प्रकारची टेबलं असतील तर ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्या, लॉकशिवाय सुसंगत प्रत मिळते.

कॅरेक्टर सेटची, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची ते सांगणारी, ओळ खास आपल्यासाठी आहे. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ8’ अक्षराला तीन बाइटपर्यंतच जागा देतं. देवनागरी त्यात बसते, इमोजीला चार लागतात. जुन्या आवृत्तीत ‘यूटीएफ8एमबी4’ न सांगता डम्प घेतला तर मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो आणि इमोजींच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मराठी नीट दिसली की आपण समाधानाने फाइल बंद करतो, त्यामुळे हे लक्षातही येत नाही.

उचला-चिकटवाला माझा सरसकट विरोध नाही. सीएसएसमधल्या फ्लेक्सबॉक्सने वेबपानावरचा डबा मधोमध आणायच्या तीन ओळी मी तुम्हाला एका शब्दाच्या स्पष्टीकरणाशिवाय दिल्या होत्या, कारण त्या चुकल्या तर पान रिफ्रेश करताच दिसतं. काही ओळी मात्र चुकल्या तरी सगळं ठीक दिसतं. फोल्डरला 777 परवानगी दिली की अपलोड चालू होतं, तक्रार मिटते, आणि सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तिथे लिहायची मुभा मिळालेली असते. बॅकअप याच जातीचा. अशा कोडसोबत तो कसा फसतो हे मी लिहिणारच, लेख लांबला तरी.

आणि ‘छोट्यांना एवढं कशाला’ हे मला अजिबात पटत नाही. मोठ्या कंपनीत रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची सतत ताजी राहणारी दुसरी प्रत असते, रात्रपाळीला माणूस असतो. तुमच्या दुकानदाराकडे फक्त तुम्ही आहात. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर साइटवर घेणाऱ्या बाईंकडे चकली किती किलो आणि अनारसे कुणाचे याची दुसरी नोंद कुठेही नसते. तो डेटा गेला तर त्यांनी घेतलेल्या आगाऊ पैशांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

आज एक करा. कालची बॅकअप फाइल दुसऱ्या मशीनवर, वेगळ्या नावाच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा आणि तो बॅकअप घेण्याआधी आलेली शेवटची ऑर्डर त्यात सापडते का पाहा. सापडली तर तुमचा बॅकअप तूर्त सुखरूप आहे. माझ्या स्क्रिप्टपेक्षा आखूड, पण पासवर्ड चुकल्यावर ओरडणारी आणि अर्धवट फाइलला खरं नाव न देणारी स्क्रिप्ट तुमच्याकडे तयार झाली तर इथेच खाली टाका. मी ती चालवून बघेन आणि चालली तर लेखात माझ्या जागी तुमची लावेन.