शिकागोत म्हणे मजा मरायला येते!

ॲडमिशनचा सीझन आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो, यंदा तर पालकांच्या तीन ग्रुपवर एकाच दिवशी आला. मजकूर थोडक्यात असा: शिकागो युनिव्हर्सिटीत मुलांना पाठवू नका, तिथे सोशल लाइफ शून्य, खेळ त्यांनी कधीच बंद केले, मैदानावर लायब्ररी बांधली, पोरं रात्रंदिवस त्या लायब्ररीत, कोणी कोणाला ओळखत नाही आणि क्लब आहेत ते फक्त सीव्हीसाठी. पुरावा म्हणून खाली टी-शर्टचा फोटो, त्यावर लिहिलंय की मजा इथे मरायला येते.

मी तिथे शिकलोय, त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

आधी तो टी-शर्ट. तो युनिव्हर्सिटीच्या टीकाकारांनी नाही काढलेला, तिथल्याच पोरांनी छापला आणि एकमेकांना विकला. असे अजून बरेच आहेत, एकावर तर नरकही गोठतो असं लिहिलेलं असतं, कारण शिकागोचा हिवाळा. ही स्वतःचीच खेचायची सवय आहे आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा माजही आहे, बघा आम्ही किती सोसतो टाइप. ते अंगात घालून पोरं शुक्रवारी रात्री ज्या ठिकाणी जातात ना, तिथला फोटो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

"खेळ बंद केले." हा मुद्दा अर्धा खरा आहे म्हणून जास्त चालतो. एकेकाळी शिकागो फुटबॉलमध्ये (अमेरिकन, आपला नव्हे) मोठं नाव होतं, बिग टेन या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, अमोस अलोन्झो स्टॅग कोच, आणि १९३५ मध्ये हाइस्मन ट्रॉफीचा (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) पहिलावहिला मानकरी जे बरवँगर इथलाच. मग १९३९ मध्ये युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट हचिन्स यांनी तो फुटबॉल बंद करून टाकला. त्याच रिकाम्या स्टेडियमच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ फर्मी आणि मंडळींनी माणसाने घडवलेली पहिली स्वतःहून चालू राहणारी अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया चालवून दाखवली, आणि पुढे त्या जागेवर रेगनस्टाइन लायब्ररी आली, १९७० मध्ये. इथपर्यंत मेसेजवाले बरोबर. पण १९६९ मध्ये फुटबॉल परत सुरू झाला आणि आजही चालू आहे हे सोयीस्कर गाळलंय. आता टीम डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, तुमच्या शेजारी लॅबमध्ये बसलेलाच पोरगा शनिवारी मैदानात असतो. पन्नास हजारांचं गच्च स्टेडियम हवं असेल तर ही जागा तुमची नाही, हे मान्य.

"रात्रंदिवस लायब्ररीत." हो, असतात. पण तिथे नक्की काय चालतं हे एकदा बघायला पाहिजे. रेगमध्ये (सगळे रेगच म्हणतात) खाली कॅफे आहे आणि तो विद्यार्थीच चालवतात. कॅम्पसवर असे आणखी कॅफे आहेत, ऑर्डर, हिशोब, गाणी कुठली लावायची यावरची भांडणं सगळं पोरांचंच. आणि प्रॉब्लेम सेट एकट्याने सुटत नाही म्हणून चार जण एका टेबलाला बसतात, अर्धा तास गणित, पाऊण तास कोणाचं कोणाशी जुळलंय, मग परत गणित, तर हे सोशल लाइफ नाही तर काय आहे राव? वरच्या मजल्यांवर शांतता असते ती वेगळी गोष्ट.

आता खरा मुद्दा, क्लब आणि ॲक्टिव्हिटी सीव्हीसाठी. मेसेज लिहिणाऱ्याने स्कॅव्ह हे नाव ऐकलेलंच नसणार. १९८७ पासून दर मे महिन्यात चार दिवस चालणारी शोधाशोध. मध्यरात्री यादी हातात पडते, त्यात सुमारे तीनशे गोष्टी, काही शोधून आणायच्या, काही बनवायच्या, काही करून दाखवायच्या, एक गट तर गाडी काढून रोड ट्रिपलाच निघतो, आणि रविवारी जज येऊन वाद घालत मार्क देतात. १९९९ च्या यादीत ब्रीडर अणुभट्टी बनवा असं होतं. फिजिक्सच्या दोन पोरांनी ती बनवली! भंगारातल्या सामानातून, हॉस्टेलमध्ये, थोरियमपासून नावापुरतं का होईना युरेनियम तयार करणारी. याचं क्रेडिट मिळत नाही, ग्रेड नाही, झोप मात्र जाते, आणि गंमत म्हणजे जी पोरं एरवी असाइनमेंट खूप आहे म्हणून रडत असतात तीच रात्री तीन वाजता पुठ्ठा आणि गोंद घेऊन बसलेली असतात. मला यातून कळलं ते इतकंच की तिथली मजा अभ्यासातून सुट्टी घेऊन होत नाही, त्याच डोक्याने, त्याच हट्टाने होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती अभ्यासच वाटते.

कुव्हिया तर अजून वेडेपणा. जानेवारीतल्या एका आठवड्यात रोज सकाळी सहाला, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना, पोरं व्यायामाला जमतात, आणि शेवटच्या दिवशी सगळे चालत लेक मिशिगनच्या काठी जाऊन सूर्यनमस्कार घालतात. हो, सूर्यनमस्कारच. पाचही दिवस आलात तर एक टी-शर्ट मिळतो, बस. १९४६ पासून चालत आलेला एक वाद आहे, लाटके भारी की हामनताशन (दोन्ही ज्यू सणांचे पदार्थ), त्यात मोठमोठे प्रोफेसर अगदी गंभीर चेहऱ्याने आपापल्या विषयातले सिद्धांत लावून भांडतात. डॉक फिल्म्स ही विद्यार्थ्यांची फिल्म सोसायटी टर्म चालू असताना जवळपास रोज रात्री सिनेमा दाखवते. आणि ज्या इम्प्रॉव्ह कॉमेडीवर (स्क्रिप्टशिवाय, स्टेजवरच सुचेल तशी) आज अख्खं जग हसतं तिचं एक मूळ म्हणजे १९५५ चे कंपास प्लेयर्स, याच युनिव्हर्सिटीच्या वर्तुळातली मंडळी, कॅम्पसजवळच्या बारमध्ये प्रयोग करणारी, त्यातूनच १९५९ मध्ये शिकागोचं सेकंड सिटी हे कॉमेडी थिएटर उभं राहिलं. त्यांनी काय सीव्हीत लिहायला केलं होतं का हे?

सीव्हीवाले क्लब आहेत, नाही असं नाही. कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट असल्या काही क्लबांत घुसायला अर्ज, इंटरव्ह्यू, नकार, सगळं रीतसर, आणि पहिल्याच महिन्यात नकार आलेलं पोरगं हिरमुसतं. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊच नये.

"कोणी कोणाला ओळखत नाही." हे सगळ्यात चुकीचं. हॉस्टेल हाऊसमध्ये, म्हणजे छोट्या गटांमध्ये, विभागलेलं असतं, प्रत्येक हाऊसचं मेसमध्ये ठरलेलं टेबल, तिथे जाऊन बसलं की कोणीतरी असतंच. अर्थात खोलीचं दार लावून बसलात तर हाऊस काही ओढून बाहेर काढत नाही, लाजाळू मुलांना पहिली टर्म जड जाते आणि ते कुठल्याही कठीण युनिव्हर्सिटीत जाईल. पार्ट्या? होतात. फ्रॅटर्निटीही (मुलांची मंडळं) आहेत. पुढे जाऊ.

घाबरायचंच असेल तर टर्मच्या लांबीला घाबरा, तिच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. इथे सेमिस्टर नसतं, क्वार्टर असतं, नऊ-दहा आठवड्यांचं, मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात त्या जवळपास फायनलपर्यंत संपत नाहीत, आणि क्लबांचे शो नेमके त्याच दिवसांत येतात. म्हणून पोराला विचारायचं असेल तर मित्र मिळाले का हे विचारण्याआधी हे विचारा की क्लब किती जॉइन केलेस. पाच म्हणाला तर दोन सोडायला सांगा, आणि कुठले सोडायचे ते त्याचं त्याला ठरवू द्या.