रेकॉर्डिंग माझं, पैसे माझे, आणि किल्ली मात्र त्यांच्या बॉक्समध्ये

सकाळपासून डोकं फिरलंय. कुठंतरी लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहितोय, लांबेल, लांबू दे.

आमच्या घरात पाच वर्षं डिशचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स होता. साधा नको म्हणून मुद्दाम जास्तीचे पैसे भरून घेतलेला. मागं यूएसबीला ५०० जीबीची हार्ड डिस्क लावायची, रिमोटवरचं लाल बटण दाबायचं, झालं रेकॉर्ड. गेल्या महिन्यात वळवाचा पाऊस आला, संध्याकाळी तीनदा करंट गेला आणि आला, तिसऱ्यांदा आला तेव्हा बॉक्स बंद तो बंदच. तक्रार टाकली, दुसऱ्या दिवशी पोरगा नवीन बॉक्स घेऊन आला, जोडला, जुना पिशवीत घातला आणि म्हणाला हा कंपनीचा असतोय ओ, परत न्यावा लागतो. नेऊ दे म्हटलं. त्या क्षणी मला माहीत असतं तर दारात आडवा पडलो असतो.

रात्री नवीन बॉक्सला डिस्क लावली तर स्क्रीनवर एवढंच आलं, ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल, होय की नाही. खाली दोन बटणं. बाकी काही नाही. होय दाबलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार. सदतीस रेकॉर्डिंगं आहेत त्या डिस्कवर, त्यातलं एकही यादीत दिसत नाही.

आता त्यात काय होतं ते सांगतो, नाहीतर सिरियलसाठी एवढा ओरडतोय असं वाटेल. २०२२ साली एका मराठी चॅनेलवर आषाढीच्या आधी भजनी मंडळांचा कार्यक्रम लागला होता, त्यात आमच्या खानापूर तालुक्यातलं मंडळ होतं, आणि पखवाजावर माझे काका. साडेचार मिनिटं. काकांनी आयुष्यभर गावच्या देवळात वाजवलं, शेतातनं येऊन हातपाय धुऊन बसायचे, टीव्हीवर ती एकदाच वेळ. सुरुवातीला कॅमेरा जवळ जातो तेव्हा ते पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापताना दिसतात, अंगठ्यानं कडा दाबतात, एक थाप मारून कान लावतात, परत थोडी काढतात. शूटिंग चालू आहे याचं भान नाही त्यांना. मागच्या वर्षी काका गेले. काकू दर दोन महिन्यांनी बेळगावला आली की जेवण झाल्यावर म्हणणार, लाव रे ते. आणि मी लावायचो.

आमच्या भागात गाणं बजावणं ही घरातली गोष्ट आहे. कुमार गंधर्व १९२४ साली इथंच सुळेभावीत जन्मले, ते आम्हाला लहानपणापासून ऐकून माहीत. त्या डिस्कवर कीर्तनं होती, नाट्यसंगीताच्या मैफली होत्या, पावसात सिग्नल तुटून मधेच चौकोन चौकोन झालेली रेकॉर्डिंगंसुद्धा मी पुसली नव्हती, कारण तो कार्यक्रम परत लागणार नाही हे माहीत होतं. आणि लागलाही नाही. त्यांच्या ॲपवर शोधून शोधून दमलो, सिरियलचे भाग हजारानं पडलेत, असले एकवेळचे कार्यक्रम नाहीत.

कस्टमर केअरला फोन लावला. सिम कर्नाटकातलं त्यामुळं भाषा विचारताना कन्नड, हिंदी, इंग्रजी, मराठी नाहीच. कन्नड मला येतंय, लहानपणापासून येतंय, त्या भाषेवर माझा काही राग नाही, उलट पलीकडची मुलगी चांगलीच बोलली. राग याचा आहे की महिन्याला मराठी चॅनेलचे वेगळे पैसे माझ्याकडनं बरोबर घेता मग मराठीत बोलायला एक माणूस का ठेवत नाही. तिनं सांगितलं सर, रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतंय. मग जुना बॉक्स परत द्या म्हटलं. तो आता रिपेअर सेंटरला गेला, तिथं रिसेट होतो. म्हणजे गेला.

खडेबाजारात ओळखीचा एक कॉम्प्युटरवाला आहे, त्याच्याकडं डिस्क नेली. विंडोजनंही तेच विचारलं, फॉरमॅट करू का. मग त्यानं विंडोजऐवजी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम असलेल्या कॉम्प्युटरवर लावली तर फाईली दिसल्या! नुसते आकडे नावं म्हणून, एक फाईल १.३ जीबी, एक ९०० एमबी, तारखा बरोबर, २०२२ ची पण आहे. माझा श्वासच अडकला. व्हिडिओ चालवायच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकली तर काळा पडदा आणि खरखर. तो म्हणाला डेटा सगळा शाबूत आहे, पण कुलूपबंद आहे.

नंतर त्यानं नीट समजावलं. सिग्नल आकाशातनं येतानाच कुलूप लावून येतो, तुमचं सबस्क्रिप्शन असेल तर बॉक्स ते उघडून टीव्हीला दाखवतो. इथपर्यंत मला मान्य आहे, फुकट बघणाऱ्यांना अडवायला पाहिजेच. पण रेकॉर्ड करताना बॉक्स डिस्कवर जे लिहितो तेही कुलूप लावूनच लिहितो, आणि त्याची किल्ली त्या एका बॉक्सच्या आतल्या चिपशी बांधलेली. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा बॉक्स आणला तरी उपयोग नाही. डिस्क मी विकत घेतलेली, चॅनेलचे पैसे मी भरलेले, बटण मी दाबलेलं, आणि किल्ली त्यांच्या मालकीच्या डब्यात, जो ते पिशवीत घालून घेऊन गेले. हे विकताना कुणी सांगितलं का? एका शब्दानं? पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं, आवडते कार्यक्रम कायम जपा. कायम म्हणजे बॉक्स मरेपर्यंत असं कुठं लिहिलं होतं?

खरं तर एक इशारा आधीच मिळाला होता, तेव्हाच शहाणा व्हायला पाहिजे होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे टीव्ही आणि फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवीन नियम आले, हवं ते चॅनेल निवडा आणि त्याचेच पैसे द्या. ऐकायला बरं वाटलं. तेव्हा महिन्याचे सुरुवातीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे एकही पे चॅनेल न घेता, आणि त्याच्यावर चॅनेलांचे वेगळे. आमचा पत्ता कर्नाटकातला म्हणून पॅक कन्नडचा सुचवतात, मराठी चॅनेल एकेक करून घालून घ्यावे लागतात. पुढं एकदा पॅक बदलताना त्यातला एक चॅनेल सुटला, तर त्या चॅनेलची आधी केलेली रेकॉर्डिंगंपण उघडेनात, लिहून येतंय की तुम्ही हा चॅनेल घेतलेला नाही. अरे पण मी रेकॉर्ड केलं तेव्हा घेतलेला होता ना! त्या महिन्याचे पैसे भरले होते ना! पेपर बंद केला म्हणून पेपरवाला घरातली जुनी रद्दी उचलून नेतो का?

आणि कायदा काय म्हणतो ते ऐका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९. स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग केलं तर प्रसारणाच्या हक्काचा भंग होत नाही असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे काकांचं रेकॉर्डिंग ठेवणं हा काही गुन्हा नाही. मग २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ घातलं, हक्क मोडायच्या हेतूनं असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझा तसला हेतू नाही, मला काकूला साडेचार मिनिटं दाखवायची आहेत. पण त्या कलमाचं नाव काढलं की दुकानदार हात लावायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर हात लावूनही ते कुलूप त्याच्यानं निघणार नाही. कायद्यानं दिलेलं कंपनीच्या चिपनं काढून घेतलं, आणि दाद मागायची कुणाकडं?

मोबाईलचा नंबर २०११ पासून कंपनी बदलली तरी आपलाच राहतो. बॉक्सच्या बाबतीत ट्रायनंच २०२० साली शिफारस केली होती, एकच बॉक्स कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे. आमच्या माळ्यावर जुन्या कंपनीचे दोन बॉक्स धूळ खात पडलेत, चांगले चालू, दुसऱ्या कंपनीला शून्य उपयोगाचे.

त्याच माळ्यावर व्हीएचएस कॅसेटी आहेत. आप्पांनी नव्वदच्या दशकात केबलवरनं रेकॉर्ड केलेल्या, पाठीवर त्यांच्या अक्षरात बॉलपेननं नावं लिहिलेली. परवा रागारागात शेजारच्या गल्लीतनं एकाचा जुना व्हीसीआर मागून आणला, हेड साफ केलं, कॅसेट घातली. लागली! वरनं खाली रेघा जातात, आवाज थोडा दबका आहे, पण लागली. जगात शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये कारखाना थांबवला, तरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची फीत बेळगावच्या दमट हवेत टिकून माझ्यासमोर चालते, आणि तीन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग धडधाकट डिस्कवर असून मला बघता येत नाही. ते बघताना मला रडूच आलं, खरं सांगतो.

काकांचं आता एकच उरलंय. पुतण्यानं टीव्हीसमोर मोबाईल धरून घेतलेले चाळीस सेकंद. वाकडं आहे, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर काकांच्या तोंडावर, त्यामुळं उजवा हात तेवढा नीट दिसतो, आणि पखवाजापेक्षा आमच्या फॅनचा आवाज जास्त. कणीक लावायचं त्यात नाही.

ज्यांच्या घरात असा बॉक्स अजून चालू आहे त्यांनी आज, उद्या नव्हे आज, दुकानातनं साधं एव्ही कॅप्चरचं यंत्र आणा, म्हणजे टीव्हीवरचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरवणारं, बॉक्सच्या मागनं येणाऱ्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी टीव्हीतनं काढून त्याला जोडा, आणि जे जपायचं आहे ते घरच्या वापरासाठी चालवत चालवत उतरवून घ्या. एचडीएमआयमधनं प्रयत्न करू नका, तिथंही कुलूप आहे, काळंच येतंय. क्वालिटी कमी येईल, एका तासाला एक तास लागेल, लागू दे. आणि बॉक्स बिघडला तर पोराच्या हातात लगेच देऊ नका, दुरुस्त करून हाच परत पाहिजे असं लिहून घ्या.

डिस्क मी फॉरमॅट केलेली नाही. नवीन बॉक्स चालू केला की तेच विचारतो, रोज नाही दाबतोय. काकू रविवारी येणार आहे.