माझा 'से' राहिला तो राहिलाच

बेलिफ समन्स घेऊन दारात आला तेव्हा मी इतका गडबडलो की सही करताना स्वतःचंच नाव चुकलो. शेजाऱ्याने मधल्या भिंतीवरून दावा लावला होता. दिवाणी आहे, तुरुंग वगैरे काही नसतं असं बायकोने तीनदा सांगितलं, तरी मी रात्री आरशासमोर भाषण पाठ करायला लागलो. भिंतीच्या पायापासून सुरुवात, मग वडिलांनी स्वतः विटा कशा वाहिल्या, आणि मध्ये दोन ठिकाणी गळा दाटून यायची सोय.

पहिली तारीख. बोर्डावर आमचा नंबर 47. दीड तास बाकावर बसून पाय मुंग्या मुंग्या झालेले, शेवटी शिपायाने पुकारा केला, मी कागद सावरत पुढे धावलो आणि तोवर आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "वकीलपत्र दाखल करतेय, कैफियतीला मुदत मिळावी", साहेबांनी मान वर न करता काहीतरी लिहिलं आणि 48 चा पुकारा झाला पण! चाळीस सेकंदसुद्धा नाही. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, "झालं काय?"

"काका, तुम्ही हजर झालात. तेच महत्त्वाचं, नाहीतर दावा एकतर्फी चालला असता."

कैफियत म्हणजे आपलं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायचं, कोर्ट कारण नोंदवून 90 पर्यंत वाढवू शकतं, आणि तरी नाही दिलं तर 'नो डब्ल्यूएस', म्हणजे कैफियत आलीच नाही, अशी ऑर्डर पडते, मग ती रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज आणि वेगळी गयावया. बरं, 'सगळं साफ खोटं आहे' एवढं लिहून भागत नाही. दाव्यातल्या एकेका म्हणण्याला उत्तर हवं, जे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. परिच्छेद 3 मध्ये लिहिलं होतं की प्रतिवादी स्वभावाने भांडखोर आहे. मी म्हटलं हे ठासून नाकारा. बायको म्हणाली, "शपथेवर आहे, जपून."

दुसऱ्या तारखेला निशाणी 5 निघाली. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज असला की तो याच नंबरने ओळखतात म्हणे. साहेब म्हणाले, "प्रतिवादीचा से?" आता से म्हणजे 'बोल' एवढं इंग्रजी मलाही येतं! मी ताडकन उभा राहिलो, घसा खाकरला, "साहेब, ती भिंत..." आणि वकीलबाईंनी कोपराला धरून खाली बसवलं. से लिहून द्यायचा असतो. ज्याचं नावच 'बोल' आहे ते कोर्टात टाइप करून, सही करून, एक प्रत समोरच्या वकिलाला देऊन 'बोलायचं' असतं, हे मला कुणी आधी सांगायला नको? त्या दिवशी एवढंच ठरलं की निकाल लागेपर्यंत भिंत जैसे थे. वीस वर्षं ती जैसे थेच आहे, पण असो.

तिसऱ्या तारखेला साहेब रजेवर. मी घरी येऊन 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडली, त्यात सुनावणीवेळी एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. विजयी मुद्रेने बाईंना फोन केला. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "काका, साहेबांची रजा त्यात धरत नाहीत."

चौथ्या तारखेला मात्र अघटित घडलं. वाद नेमका कशाकशावर आहे ते मुद्दे काढण्याआधी साहेबांनी चष्मा काढला, थेट माझ्याकडे बघितलं, मग शेजाऱ्याकडे, आणि म्हणाले, "घरं लागून आहेत तुमची. मध्यस्थीला जाता का? बोला, काय म्हणणं आहे?" कोर्टात पिनड्रॉप शांतता. भाषणाचा कागद खिशात घामाने भिजलेला, विटा आठवेनात, वडील आठवेनात, तोंडातून एवढंच आलं,

"साहेब, विचार करून सांगतो. पुढची तारीख मिळाली तर..."

शेजारी घाईघाईने म्हणाला, "आमची हरकत नाही."