खोटं काय लिहिलंय त्याने?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक टाकून पुढे जावं.

आमच्या एडमंटनच्या मराठी वाचनकट्ट्यावर आज मी कॅनडातले मेनोनाइट लेखक रूडी वीब यांच्या पहिल्या कादंबरीवर बोलले. आपल्याच मेनोनाइट समाजाचं वागणं त्यांनी तिच्यात उघड केलंय. बोलून खाली बसते न बसते तोच एक ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणाले, "आधीच मूठभर समाज, त्यात आपल्याच माणसांची लक्तरं वेशीवर टांगायची! याला लेखक म्हणायचं की घरभेदी?" त्यांचं सोडा, पण चार-पाच माना डोलल्या. त्या डोललेल्या मानांचा मला जास्त राग आलाय.

मेनोनाइट म्हणजे सोळाव्या शतकातले युरोपातले ख्रिस्ती बंडखोर. बाप्तिस्मा कळत्या वयात आणि स्वतःच्या मर्जीने घ्यायचा, हाती शस्त्र धरायचं नाही. एवढ्यासाठी त्यांना पाण्यात बुडवलं, जिवंत जाळलं. मग सुरू झाली पळापळ. नेदरलँड्समधून पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या मुखाशी, तिथून रशियाच्या कॅथरीन राणीने जमिनी देऊ केल्या म्हणून युक्रेनच्या गवताळ पठारावर, आणि बोल्शेविक आल्यावर तिथूनही. १९२९ साली हजारो मेनोनाइट देश सोडायच्या परवान्यासाठी मॉस्कोत येऊन ताटकळले होते. बहुतेकांना परत पिटाळलं. जे थोडे सुटले त्यांत वीब यांचे आईवडील होते. १९३० मध्ये ते कॅनडात पोचले, १९३४ मध्ये सस्कॅचवनच्या रानात रूडींचा जन्म झाला. घरात प्लाउटडीच ही त्यांची जर्मन बोली, चर्चमध्ये शुद्ध जर्मन, शाळेत इंग्रजी. मराठी घरांना हे काही नवीन नाही.

असा माणूस पहिली कादंबरी कशावर लिहील? छळावर. हातात हुकमाचा एक्का होता. वाचणारे रडले असते, समाजाने शाल-श्रीफळ दिलं असतं. पण वीब यांनी १९६२ मध्ये लिहिली 'पीस शॅल डिस्ट्रॉय मेनी'. साल १९४४, बाहेर महायुद्ध चालू, आणि रानातल्या वापिटी नावाच्या वस्तीत युद्धाला नकार देणारे हे शांतीचे पुजारी. वस्तीचा कर्ताधर्ता डीकन (चर्चचा पदाधिकारी) ब्लॉक. हा ब्लॉक शेजारच्या मेटी कुटुंबांच्या (म्हणजे इथले मूळचे क्री लोक आणि फ्रेंच अशा मिश्र रक्ताच्या लोकांच्या) जमिनी विकत घेऊन त्यांना तिथून उठवतो, आपली पोरंबाळं 'शुद्ध' राहावीत म्हणून. त्याची स्वतःची मुलगी बाळंतपणात जाते, मुलाचा बाप मेटी गडी असतो, आणि हे कुणाला कळू नये म्हणून ब्लॉक जे जे करतो ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता माझ्या घरमालकीणबाईंची गोष्ट. या देशातला माझा पहिला हिवाळा त्यांच्या तळघरात गेला. मेनोनाइट आजी, पंचाहत्तरीच्या पुढच्या. शनिवारी पनीर भरलेल्या वारेनिकी करायच्या, वर सायीचा पांढरा रस्सा ओतायच्या आणि मला हाक मारायच्या. त्यांच्या फडताळात हे पुस्तक होतं, पण उलटं ठेवलेलं. कणा भिंतीकडे, पानांची कड बाहेर. मी विचारलं तर म्हणाल्या, "खोटं काय लिहिलंय त्याने? काहीच नाही. पण इंग्रजीत कशाला लिहायचं?"

कळलं ना? जर्मनमध्ये लिहिलं असतं तर आपल्याआपल्यात राहिलं असतं. इंग्रजीत म्हणजे शेजारीपाजारी वाचणार. वीब तेव्हा विनिपेगमध्ये त्यांच्याच पंथाच्या साप्ताहिकाचे संपादक होते. १९६३ मध्ये ती खुर्ची सोडावी लागली. (मेनोनाइटांच्याच इंडियानातल्या गोशेन कॉलेजने त्यांना लगेच शिकवायला बोलावलं, हेही सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडते.)

लहान समाजाला जपावं लागतं, बाहेरचे टपलेलेच असतात, हे मला मान्य आहे. ठीक. पण जपायचं म्हणजे कुणाला जपायचं? ब्लॉकला, की त्याच्या मुलीला?

आजींनी पुढे एका शनिवारी आपणहून विषय काढला. त्या लहान असताना वडिलांनी लगतच्या मेटी कुटुंबाची जमीन घेतली. पैसे मोजून, कागद करून, सगळं कायदेशीर. त्या घरातली मुलगी यांच्या वर्गात होती, दोघींची जेवणाच्या डब्यांची अदलाबदल चालायची. एका सोमवारी ती शाळेत आलीच नाही. घरात कुणी विचारलं नाही, चर्चमध्ये कुणी विचारलं नाही. "मीसुद्धा विचारलं नाही, ते मला या पुस्तकाने विचारलं," असं म्हणून त्या रस्सा ढवळत राहिल्या. ही बाई घरभेदी? सांगा ना काका, आहे का?

आणि वीब तिथे थांबले नाहीत, म्हणून मला ते एवढे मोठे वाटतात. जिथे आपण लहानाचे मोठे झालो त्याच टापूत क्री लोकांचा सरदार बिग बेअर वावरला होता, हे त्यांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. मूळच्या लोकांच्या जमिनीबद्दल सरकारने त्यांच्याशी केलेल्या १८७६ च्या सहाव्या करारावर सही करायला नाही म्हणणारा हा माणूस. ज्यांच्या शिकारीवर जगायचे ते बायसन संपले, माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा १८८२ मध्ये त्याने सही केली. १८८५ मध्ये फ्रॉग लेक नावाच्या वस्तीत त्याच्या तरुणांनी माणसं मारली. तो अडवत होता, तरी त्यालाही तुरुंगात जावं लागलं आणि १८८८ मध्ये वारला. त्याच्यावरची वीब यांची कादंबरी १९७३ मध्ये आली, तिला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. गोऱ्या माणसाने क्री माणसाच्या तोंडून का बोलावं, हा आक्षेप पुढे जोरात आला आणि तो अगदीच फोल नाही. पण १९९८ मध्ये याच वीब यांनी बिग बेअरची वंशज यव्हॉन जॉन्सन हिच्याबरोबर तिच्या आयुष्यावर पुस्तक केलं, ती तुरुंगात असताना. मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत.

आता आपल्याकडे या. एडमंटन त्याच सहाव्या कराराच्या जमिनीवर आहे. आपल्या गणेशोत्सवात सुरुवातीला कुणीतरी ही जमीन मूळच्या लोकांची आहे असं सांगणारा तो कागद भराभरा वाचून दाखवतं, तेव्हा निम्मं सभागृह बटाटेवड्याच्या रांगेकडे बघत असतं. मीही त्यातलीच. मेनोनाइटांवर बोलायला आपल्याला तोंड सुटतं, आपण मात्र इथे अल्पसंख्य, सोशिक, गुणी! सुनांचं काय होतं, आडनाव ऐकून पंगतीत कुणाचा सूर बदलतो, हे कुणी लिहिलं की झालं, लागले त्याच्या मागे.

असो. राग उतरला थोडा. काकांनी निघताना माझा डबा गाडीपर्यंत आणून दिला, माणूस वाईट नाही.

ज्यांना वाचायचंय त्यांनी आधी १९६२ चं घ्या, माझी प्रत देते. बिग बेअरवालं जड आहे, सुरुवातीला कोण बोलतंय तेच कळत नाही, नेटाने पुढे जा. आणि माझ्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नका.