कबुलायतीवरचा अंगठा आणि ‘खरा उदारमतवाद’

रत्नागिरीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर ‘खरा उदारमतवाद’ नावाचा एक लांबलचक मजकूर पुढे ढकलला आहे. सरकारने पोलीस, न्यायालये आणि सरहद्द एवढेच सांभाळावे, दोघांनी राजीखुशीने केलेल्या करारात तोंड घालू नये, आणि माणसाला काही करण्याचे सामर्थ्य देणारे ‘भावात्मक स्वातंत्र्य’ ही समाजवाद्यांनी मागाहून घुसडलेली लबाडी आहे, असे त्याचे सार. ज्या घराचा सातबारा कुळकायद्यामुळे झाला, त्याच घरात त्यावर ‘अगदी पटले’ असे शेरे पडले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

घुसडण्याची गोष्ट एका वाक्यात संपते: ज्या अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथच्या नावाने हा मजकूर सुरू होतो, त्यानेच 1776 साली गरिबांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा आणि लोकोपयोगी बांधकामे ही राज्याची कर्तव्ये म्हणून सांगितली होती.

संतापजनक आहे तो कराराचा मुद्दा. कोकणात खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, आणि त्याची जमीन कसणारे कूळ यांच्यातही करारच होता. त्याला कबुलायत म्हणत आणि तिच्यावर कुळाचा अंगठा असे. अंगठा न उठवणाऱ्याला कसायला दुसरी जमीन नव्हती, आणि उठवणाऱ्याच्या खळ्यावर भाताची रास पडली की अर्धी किंवा त्याहून अधिक खोताकडे जाई, वर वेठ निराळीच. ही राजीखुशी असती, तर अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 जमिनी ओसाड ठेवून उपासमार का पत्करली असती? डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 1949 साली तसा कायदा झाला. या मजकुराच्या हिशेबाने तो स्वातंत्र्यावरचा घाला ठरतो.

अशा करारांवर बोट ठेवणारे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक टी. एच. ग्रीन समाजवादी नव्हते, ते लिबरल पक्षाचे होते. कारखाने कायदे आणि आयर्लंडमधल्या कुळांचा प्रश्न समोर ठेवून 1881 साली लेस्टर येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी बजावले की करार पाळले जातील हे पाहणे सरकारचे काम आहेच, पण एका पक्षाच्या अगतिकतेमुळे जो करार छुप्या जुलमाचे हत्यार बनतो, तो होऊच न देणे हेही तितकेच सरकारचे काम आहे. आयर्लंडच्या जागी कोकण घालावे, एक शब्दही बदलावा लागत नाही.

मजकुरात दिलेला तत्त्वचिंतक आयझाया बर्लिन यांचा दाखला मात्र अगदीच पोकळ नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. ‘तुमचे खरे हित आम्हालाच कळते’ म्हणणारी सत्ता स्वातंत्र्याच्या नावाने लोकांना दडपू शकते, हा 1958 सालच्या त्यांच्या व्याख्यानातला इशारा अणुऊर्जा आणि रिफायनरी प्रकल्पांशी झगडलेल्या जैतापूर-बारसूच्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको. पण त्याच बर्लिननी 1969 साली बेलगाम भांडवली स्पर्धेचा इतिहास रक्ताने माखलेला असल्याचेही लिहिले. ते वाक्य मजकुरातून सोयीस्कर गळले आहे.

राहता राहिली पावसाळी मासेमारीबंदी, जिला मजकुरात ‘सरकारी दादागिरी’ म्हटले आहे. ती यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही. आणि माशांच्या विणीच्या दिवसांत ट्रॉलर व पर्ससीनची प्रचंड जाळी टाकणारे मोकळे सोडले, तर किनाऱ्यावरून हाताने रापण ओढणाऱ्याच्या जाळ्यात काय येईल, हे पुतण्याने मालवणच्या किनाऱ्यावर जाऊन विचारावे.