‘एकदाच ऑपरेशन, गोळ्यांना कायमचा रामराम’ म्हणे!

मावशीने ॲसिडिटीची गोळी परस्पर बंद केली. कोणाला विचारून? व्हॉट्सॲपला! तो फॉरवर्ड मग माझ्याकडेही आला. मजकूर थोडक्यात असा: दुर्बिणीतून छोटंसं ऑपरेशन करा, पोटात ॲसिड बनणंच थांबतं, त्रास आयुष्यात पुन्हा होत नाही, साइड इफेक्ट शून्य, कॅन्सरची भीती संपली. आणि तोवर गोळ्यांचं ‘विष’ आजपासून बंद.

ॲसिड बनणं थांबतं, ही शुद्ध थाप. या ऑपरेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातलं छिद्र सैल झालं असेल तर तेही शिवून आवळतात. जठर ॲसिड बनवतच राहतं, त्याला वर यायला वाट मिळत नाही इतकंच.

आता ‘पुन्हा होत नाही’बद्दल. स्वीडनमध्ये २००५ ते २०१४ या काळात दुर्बिणीतून हे ऑपरेशन झालेल्या २,६५५ जणांची नोंद राष्ट्रीय नोंदवह्यांमधून तपासली गेली आणि २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सरासरी पाचेक वर्षांत १७.७ टक्के लोकांचा त्रास परतला, म्हणजे साधारण सहातल्या एकाचा. त्यांतल्या काहींचं दुसरं ऑपरेशन झालं. उरलेले, म्हणजे परतलेल्यांपैकी ८३.६ टक्के, पुन्हा दीर्घकाळ औषधांवर आले. फॉरवर्डवाल्याने ज्यांना विष म्हटलंय, त्याच गोळ्यांवर! शिवाय त्रास परतण्याचं प्रमाण बायकांत, वयस्कांत आणि इतर आजार असलेल्यांत जास्त दिसलं. मावशी या तिन्ही रकान्यांत बसते, पण फॉरवर्डला त्याचं काय?

या अभ्यासात दीर्घकाळ गोळी सुरू होणं किंवा दुसरं ऑपरेशन होणं, यालाच ‘त्रास परतला’ असं धरलं होतं. पण गोळी सुरू झाली म्हणजे ॲसिड वर येतंच होतं असं नाही. काही जण तपासणीशिवायही गोळी घेत असतील. म्हणून हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, मान्य. आणि हेही नाइलाजाने कबूल करतो की साधारण सहातल्या पाच जणांचा त्रास त्या काळात परतला नाही, म्हणजे ऑपरेशन वाईट नाही. आडवं पडलं की आंबट पाणी थेट घशाशी येतं, अशांना तर गोळीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, कारण गोळी पाण्यातलं ॲसिड कमी करते, पाणी अडवत नाही. पण ‘बऱ्याच जणांना बरीच वर्षं आराम’ आणि ‘आयुष्यभराची सुटका’ यांत फरक आहे की नाही?

गोळी आजपासून बंद, हा सल्ला मात्र मला सगळ्यात घातक वाटतो. महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी एकदम सोडली की जठर काही आठवडे उसळून जास्तच ॲसिड बनवतं. जळजळ दुपटीने वाढल्यासारखी वाटते, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीने सवय लावली, आता ऑपरेशनच हवं.’ अन्ननलिकेला जखमा असतील तर त्या पुन्हा चिघळतात ते वेगळंच. वर्षानुवर्षं उगाच गोळ्या खाणारे भरपूर आहेत, हे खरं. त्यांनी डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवावा. फॉरवर्ड वाचून नव्हे.

साइड इफेक्ट शून्य? ऑपरेशननंतर काही जणांना घास अडकल्यासारखा होतो, ढेकर नीट येत नाही, पोट फुगतं, वायू जास्त सरतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत कमी होतं, काहींचं राहतं. काहींची गुंडाळी सैल होते, क्वचित वर छातीत सरकते. म्हणून आधी अन्ननलिकेच्या हालचालीची तपासणी करतात आणि एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत, ॲसिड वर येत असल्याचा ठोस पुरावा नसेल तर २४ तास अन्ननलिकेतलं ॲसिड मोजतात. जळजळीचं कारण ॲसिड नसेलच, तर टाके घालून काय मिळणार? फॉरवर्डमध्ये तपासणीचं नावही नाही.

राहिला अन्ननलिकेचा कॅन्सर. चांगल्या औषधोपचारापेक्षा ऑपरेशनने तो जास्त टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं असेल, ज्याला बॅरेट म्हणतात, तर ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा एंडोस्कोपी करावीच लागते.